खाणीतला घोडा आणि साहेबांची सही

१८६१ सालच्या मे महिन्यातली एक सकाळ. फ्रान्सच्या मध्यभागी कॉमेन्त्री नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तिथल्या सेंट एडमंड खाणीत, सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. त्या काळी जमिनीखालच्या गाड्या घोडेच ओढत. घोडा थांबला की गाडी थांबायची आणि गाडी थांबली की खणलेला कोळसा जागच्या जागी पडून राहायचा. पाळीवरचा इंजिनिअर अवघा एकोणीस वर्षांचा, काही महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेला. त्याने ताबडतोब दुसरा घोडा मागवणारी चिठ्ठी लिहिली. तबेल्यावरच्या माणसाने ती वाचली आणि परत केली. चिठ्ठीवर डायरेक्टरसाहेबांची सही नव्हती. साहेब गावात नव्हते आणि त्यांच्या जागी कोणी पाहायचे हे ठरलेले नव्हते. पोराने विनवण्या केल्या, पण तबेलेवाला बधला नाही. त्याला तसा सक्त हुकूम होता. तबेल्यात घोडे उभे होते, खाली माणसे उभी होती आणि सहाव्या पातळीवरचा त्या दिवसाचा कोळसा बुडाला.

एखादा दुसरा तरुण त्या तबेलेवाल्याला शिव्या घालून मोकळा झाला असता. या पोराने घरी जाऊन ही हकिगत वहीत टिपून ठेवली आणि तिच्यातून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी वेगळा होता. तबेलेवाला चुकला असे त्याला वाटले नाही. साहेब रजेवर जाऊ शकतो, आजारी पडू शकतो, मरूही शकतो. पण त्याचा अधिकार एक क्षणही गैरहजर राहता कामा नये, तो नेहमी कोणाच्या तरी हाती सोपवलेला असला पाहिजे, असे त्याने ठरवले. पुढची जवळजवळ साठ वर्षे तो हेच वेगवेगळ्या रीतीने सांगत राहिला.

त्या पोराचे नाव हेन्री फेयॉल. फ्रेंच माणूस त्याला आंरी फायोल म्हणेल. पण आपल्याकडे बारावीच्या वाणिज्य शाखेपासून बँकेच्या परीक्षांपर्यंत तो फेयॉल म्हणूनच नांदला, तेव्हा आपणही तेच म्हणू. सीएआयआयबीची परीक्षा दिलेल्या माझ्या पिढीतल्या कोणत्याही बँकवाल्याला मध्यरात्री उठवले तर तो व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे घडाघडा म्हणून दाखवेल. श्रमविभागणी, अधिकार, शिस्त, आदेशाची एकता… आम्ही ती आद्याक्षरांची गाणी करून पाठ केली होती. मात्र त्या तत्त्वांच्या आधी त्याच माणसाने संस्थेची सहा कामे सांगितली आहेत आणि त्यांतले चौथे काम सुरक्षेचे आहे, हे कोणाला आठवत नाही. तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, मग सुरक्षा, मग हिशेब आणि शेवटी प्रशासन. हल्ली मोठ्या कंपन्यांत सुरक्षेचा स्वतंत्र अधिकारी असतो, त्याच्या हाताखाली खाते असते आणि जोखमीचा आराखडा दर वर्षी संचालक मंडळापुढे जातो. ही सगळी विद्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेतून आली असा आपला समज असतो. तिचा एक आजोबा कोळशाच्या धुरात उभा होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

फेयॉलचा जन्म २९ जुलै १८४१ रोजी इस्तंबूलमध्ये झाला. वडील तिथे बांधकामाच्या नोकरीनिमित्त होते. लहानपणीच कुटुंब फ्रान्सला परतले. सेंट एतिएनच्या खाणकाम विद्यालयातून तो १८६०मध्ये, एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडला आणि थेट कॉमेन्त्रीच्या खाणीवर रुजू झाला. ज्या कंपनीत शिकाऊ पोर म्हणून शिरला तिचाच सर्वोच्च अधिकारी होऊन तो १९१८मध्ये बाहेर पडला. अठ्ठावन्न वर्षे एकच कंपनी! आमच्या काळच्या बँकवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. आजच्या मुलांना ही शिक्षा वाटेल.

कॉमेन्त्रीच्या कोळशाला एक खोड होती. तो आपसूक पेटायचा. कोळसा काढून घेतल्यावर मागे पोकळी राहते आणि तिच्यात भुगा, तुकडे, मोडके लाकूड पडून राहते. त्या भुग्याला हवा लागते, तो हवेतला प्राणवायू शोषतो आणि थोडा गरम होतो. वारा भरपूर खेळत असेल तर ती ऊब निघून जाते. हवा अजिबात पोचत नसेल तर आग लागतच नाही. धोका असतो तो मधल्या जागी. जिथे हवा थोडीशी झिरपते आणि माणूस फिरकत नाही, तिथे ऊब साठत जाते. आधी भिंतींना घाम सुटतो, मग रॉकेलसारखा वास येतो आणि धूर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. माझी पहिली अधिकारीपदाची बदली वणीच्या बाजूला कोळसापट्ट्यातल्या एका छोट्या शाखेत झाली होती. पावसाळ्यानंतर उघड्यावर रचलेल्या कोळशाच्या ढिगातून निघणारा पांढरा धूर मी तिथे पाहिला आहे. खातेदार असलेला एक खाणकामगार मला म्हणाला होता की साहेब, ही आग कोणी लावत नाही, ती राहते तिथेच. कोळशापेक्षा मला तेव्हा आमचे सस्पेन्स खाते आठवले. बँकेतली लबाडीही वाहत्या खात्यांत क्वचित शिरते. वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेल्या, निष्क्रिय पडलेल्या खात्यांत ती घर करते. थोडी हवा आणि शून्य वर्दळ.

पहिली सहा वर्षे फेयॉलने या आगींशी झुंजण्यात काढली. पेटलेला भाग शोधायचा, शक्य असेल तर तापलेला कोळसा खणून बाहेर काढायचा, नसेल तर मातीच्या आणि विटांच्या भिंती घालून त्याची हवा तोडायची. विषारी वायूत उभे राहून करायचे काम होते ते. त्यात त्याचे नाव झाले आणि १८६६ साली, पंचविसाव्या वर्षी, तो कॉमेन्त्री खाणीचा डायरेक्टर झाला. म्हणजे ज्याची सही नव्हती म्हणून घोडा मिळाला नाही, त्याच खुर्चीवर पाच वर्षांनी तो बसला.

आग विझवता येणे त्याला पुरेसे वाटले नाही. ती का लागते हे त्याला हवे होते. कोळशात गंधकमिश्रित लोहाचे, म्हणजे पायराइटचे कण असतात आणि ते आग लावतात, असे तेव्हाचे जाणकार धरून चालत. फेयॉलने वर्षानुवर्षे प्रयोग केले, ढिगांची तापमाने मोजली आणि १८७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले की मुख्य कारण कोळसा स्वतःच आहे. हवेतला प्राणवायू शोषणे हा त्याचा स्वभावच आहे. आता ही गोष्ट साधी वाटते. पण चोर बाहेरून आलेला नाही, मालातच आहे, हे एकदा मान्य केले की सगळी व्यवस्थाच बदलावी लागते. मग पहारेकरी वाढवून भागत नाही. कोळसा कसा काढायचा, पोकळी कशी भरायची, ढीग किती उंच रचायचा, हे सगळे पुन्हा ठरवावे लागते. सुरक्षा कामाच्या आत शिरते. खाणकामामुळे वरची जमीन कशी खचते यावरही त्याने १८८५मध्ये लिहिले आणि त्याची घुमटाची उपपत्ती खाणकामाच्या अभ्यासकांना अजून ठाऊक आहे.

१८८८ साली कंपनी बुडण्याच्या बेतात होती. १८८५पासून भागधारकांना लाभांश मिळाला नव्हता, कॉमेन्त्रीचा कोळसा संपत आला होता आणि लोखंडाचे कारखाने तोट्यात होते. अशा वेळी संचालकांनी फेयॉलला प्रमुख केले. त्याने न चालणारे बंद केले, चालणारे एकत्र आणले आणि नव्या खाणी घेतल्या. इम्फीच्या पोलाद कारखान्यात संशोधनाला जागा दिली. उष्णतेने जवळपास न प्रसरण पावणारे इन्व्हार नावाचे पोलाद १८९६मध्ये शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने शोधले, ते इम्फीच्या सहकार्याने. गियोमला पुढे १९२०मध्ये नोबेल मिळाले. कंपनी सावरली. या भागावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचे आहे ते दकाझव्हीलपाशी. १८९२मध्ये फेयॉलच्या कंपनीने या गावच्या खाणी आणि कारखाने ताब्यात घेतले. त्या गावावर एक डाग होता. २६ जानेवारी १८८६ रोजी तिथल्या संपकरी कामगारांनी वात्रँ नावाच्या अधिकाऱ्याला कचेरीच्या खिडकीतून खाली फेकले आणि जमावाने त्याचा जीव घेतला. मजुरी कापण्याबद्दल त्याच्यावर लोकांचा राग होता. पाठोपाठ तिथे काही महिने संप चालला आणि सगळा फ्रान्स दोन बाजूंना वाटला गेला. सहा वर्षांनी त्या गावाचा कारभार हाती घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे ती खिडकी नसेल, असे मला वाटत नाही. खुद्द कॉमेन्त्रीही निवांत नव्हते. ख्रिस्तोफ तिव्हरिए हा पूर्वाश्रमीचा खाणकामगार १८८२ साली तिथला महापौर झाला. जगातला पहिला समाजवादी महापौर म्हणून त्याचे नाव घेतात. पुढे तो कामगाराचा निळा सदरा घालूनच संसदेत जाऊन बसला.

हे लक्षात ठेवून फेयॉलची सुरक्षेची व्याख्या पाहावी. चोरी, आग आणि पूर यांपासून मालमत्तेचे आणि माणसांचे रक्षण करणे आणि संप, हल्ले, तसेच संस्थेच्या वाटचालीला किंवा अस्तित्वाला धोका आणणारे सर्व सामाजिक अडथळे दूर ठेवणे, असे साधारण तिचे स्वरूप आहे. मालकाची नजर, राखणीचा कुत्रा, राज्याच्या पातळीवर पोलीस आणि लष्कर हे सगळे त्याने एकाच ओळीत बसवले. संस्थेला सुरक्षितता आणि कामगारांना मनाची शांतता देणारी प्रत्येक उपाययोजना त्याच्या मते याच कामात मोडते.

मी कारकून होतो तेव्हा संघटनेच्या सभांना जात असे, दोनदा मोर्चातही चाललो आहे. त्यामुळे आगीच्या आणि चोरीच्या पंगतीत संपाला बसवलेले मला आजही खटकते. संप हा काही पूर नव्हे. पुराला मागण्या नसतात. शिवाय त्या वाक्यात मालमत्ता आधी आणि माणसे नंतर आली आहेत, हेही नजरेतून सुटत नाही. मात्र न्याय तोडायचा तर पूर्ण पाहिले पाहिजे. त्याच फेयॉलने चौदा तत्त्वांत समभाव घातला, नोकरीची स्थिरता घातली, वेतन न्याय्य असावे असे सांगितले. कॉमेन्त्रीत त्याने कामगारांना आपापल्या टोळ्या स्वतः निवडू दिल्या. खाली अंधारात शेजारी कोण असावे हे वरच्या कचेरीपेक्षा त्या माणसाला जास्त कळते, ही समज वरून हुकूम सोडणाऱ्यांत दुर्मिळच.

मालमत्ता आधी की माणूस आधी, हा प्रश्न त्या काळात नुसता शब्दांचा नव्हता. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कुरिएर येथील खाणींत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि १,०९९ माणसे मेली. युरोपातला तो सर्वांत भीषण खाण-अपघात. या खाणी फेयॉलच्या नव्हत्या. स्फोटाच्या तीन दिवस आधी एका बोगद्यात आग लागल्याचे कळले होते, ती भिंती घालून कोंडायचे चालू होते आणि बाकीच्या भागांत पाळ्या नेहमीसारख्या उतरत होत्या. स्फोटानंतर थोड्याच दिवसांत शोध थांबवण्यात आला. खाली आता कोणी जिवंत असणे शक्य नाही, असे सांगितले गेले. वीस दिवसांनी तेरा माणसे अंधारातून चालत, चाचपडत वर आली. चौदावा त्यांच्याही नंतर सापडला. कंपनीने माणसांच्या आधी खाण वाचवली, असा आरोप झाला आणि हजारो कामगार संपावर गेले. ज्या भिंतींनी खाण वाचते त्यांच्या मागे माणूस असू शकतो. आग कोंडण्यात हयात घालवलेल्या फेयॉलसारख्या माणसाला हे कोणी सांगायला नको होते.

१९१६ साली, पंचाहत्तरीत, त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आधी खाण उद्योगाच्या एका नियतकालिकात आणि मग पुस्तकरूपाने. योगायोग असा की झरियाच्या कोळसापट्ट्यात पहिली आग नोंदली गेली ती याच वर्षी. ती आजही काही भागांत धुमसते आहे आणि तिच्यावर वसलेल्या वस्त्या अजून हलवल्या जात आहेत.

त्या ग्रंथात सुरक्षेला फेयॉलने स्वतःही फार जागा दिली नाही, हे कबूल केले पाहिजे. एक छोटा परिच्छेद आहे, बस. पण पुढे एक तक्ता आहे आणि मला तो परिच्छेदापेक्षा बोलका वाटतो. मोठ्या कारखान्यात कोणाच्या अंगी कोणते कसब किती हवे, याचे त्याने शंभरपैकी गुण मांडले आहेत. आकडे त्याच्या अनुभवाचे, वैयक्तिक अंदाजाचे. साध्या कामगाराला तांत्रिक कसबाचे ८५. वित्ताचे आणि व्यापाराचे काहीच नाही, ते रकाने कोरे. पण सुरक्षेचे ५ आहेत. मुकादमापासून पुढे सुरक्षेचे गुण १० होतात आणि थेट कारखान्याच्या प्रमुखापर्यंत ते १०च राहतात. बाकीचे रकाने पद चढेल तसे खालीवर होतात, तांत्रिक कसब तर प्रमुखापाशी १५वर येते. सुरक्षेचा रकाना मात्र कुठेही कोरा नाही. बँकेत आम्ही तो रकाना बंदूकवाल्या वॉचमनमामांच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो.

आता माझी घोड्याची गोष्ट. त्याच कोळसापट्ट्यातल्या शाखेत, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, स्ट्राँगरूमची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती ते अधिकारी रात्री पोटदुखीने अत्यवस्थ झाले आणि त्यांना नागपूरला हलवले. घाईत किल्ली त्यांच्याबरोबरच गेली. स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, आणि उघडूही नये. किल्ल्यांचा जादा जोड नियमाप्रमाणे दुसऱ्या शाखेत ठेवलेला होता, तो काढायला वरच्या कचेरीचे पत्र लागे आणि तिथले साहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या वतीने सही कोण करणार, याचे उत्तर फोनवर कोणालाच देता येईना. बाहेर निवृत्त खाणकामगार पेन्शनसाठी उभे होते, त्यांतले बरेच खोकत होते. आमचे हेडकॅशियर भाऊ मला हळूच म्हणाले की साहेब, अशा वेळी दोन्ही किल्ल्या एकाकडे असत्या तर बरे झाले असते. मला ते पटले, हे सांगायला लाज वाटते. किल्ली नागपूरहून साडेतीन वाजता आली.

पुढे संगणक आले, प्रत्येकाला पासवर्ड मिळाला आणि ज्याच्या मंजुरीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही असा अधिकारी रजेवर गेला की काम अडू लागले. मग काय झाले हे बँकेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहिले गेले, टेबलाच्या काचेखाली सरकले, तोंडी सांगितले गेले. कोणी चोर नव्हता. काम चालू ठेवायचे होते, एवढेच. तबेलेवाला नियमाला चिकटला म्हणून एक दिवसाचा कोळसा बुडाला. आमच्या तबेलेवाल्यांनी घोडे देऊन टाकले आणि वर्षानुवर्षे काहीच बुडाले नाही. म्हणून तर कोणी लक्ष दिले नाही. नियम मोडणारा माणूस पकडणे सोपे असते. नियम पाळून काम करता येईल अशी व्यवस्था लावणे हे वरच्याचे काम आणि फेयॉल त्याच्याकडे बोट दाखवतो.

हल्लीचे हल्ले अर्थात वेगळ्या जातीचे आहेत. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा कोणी कुलूप तोडले नव्हते. एटीएम कार्डांच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची तोतया जोडी उभी करून परस्पर होकार दिले गेले आणि २८ देशांतल्या यंत्रांमधून नोटा निघाल्या. पहिला घाला पडला तो दुसऱ्या शनिवारी. बँकेला सुटी होती.

निवृत्तीनंतर फेयॉल स्वस्थ बसला नाही. पॅरिसमध्ये त्याने प्रशासनाच्या अभ्यासाचे केंद्र काढले आणि फ्रेंच टपालखात्याची झडती घेऊन १९२१मध्ये त्यावर लिहिले. प्रमुख वारंवार बदलतो, दूरचा आराखडा नाही, ताळेबंद नाही, अशी त्याची तक्रार होती. १९ नोव्हेंबर १९२५ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. इंग्रजी जगात त्याचे पुस्तक खऱ्या अर्थाने पोचले ते १९४९च्या भाषांतराने आणि त्याच वाटेने ते आमच्या गाइडांत उतरले.

माझे ते गाइड अजून माळ्यावर होते. हा लेख लिहायला घेतला तेव्हा काढून पाहिले. चौदा तत्त्वांच्या पानावर लाल-निळ्या रेघांची गर्दी आहे. त्याच्या आधीच्या पानावर सहा कामांची यादी आहे, तिला मी पेन्सिलीने कंस केला आहे आणि कडेला माझ्याच अक्षरात लिहिले आहे की हे परीक्षेला येत नाही.